२५ किलोचा कट्टा, वजन २५०.१५

जळगाव-धुळ्याकडच्या डाळमिलवाल्यांच्या आणि मसालेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. लेबलच्या सॉफ्टवेअरला हिशोब जमत नाही, व्हेरिएबल (लेबलागणिक बदलणारी माहिती) म्हणजे नुसता मजकूर, आकडेमोड एक्सेलमध्येच करून आणा, नाहीतर सगळ्यात महागडी आवृत्ती घ्या. वर एक टीप: 'सहा महिने मुदत हवी तर सरळ १८० मिळवा.' पुराव्याला तूरडाळीच्या कट्ट्याचा फोटो, त्यावर एकूण वजन २५०.१५ किलो.

हिशोब जमत नाही? ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड छापता, त्यातला शेवटचा आकडा कोण काढतं? एकाआड एक आकडा तिनाने गुणायचा, बेरीज करायची, दहाच्या पुढच्या पटीला किती कमी पडतात ते पाहायचं. हे काम तेच सॉफ्टवेअर मुकाट्याने करतं.

फोटो मात्र खरा असणार. निव्वळ वजन २५, बारदान ०.१५, आणि दोन्ही रकाने मजकुराचे. लेबलच्या सॉफ्टवेअरात हिशोब लिहायची व्हीबीस्क्रिप्ट नावाची भाषा असते, तिच्यात दोन मजकुरांच्या मध्ये अधिकचं चिन्ह आलं की बेरीज होत नाही, एकाला दुसरा चिकटतो. २५ ला ०.१५ चिकटले, झाले २५०.१५. खरी मेख पुढे आहे: तेच रकाने वजा करा किंवा गुणा, उत्तर बरोबर येतं, कारण त्या चिन्हांना दुसरा अर्थच नाही. म्हणून माणूस चकतो. मीही चकलोय. धुळ्यातल्या एका मसालेवाल्याकडे तासभर डोकं खाजवत होतो आणि मागून त्याचा पोऱ्या विचारत होता, "भाऊ, हाई काय शे?" उपाय एवढाच: दोन्ही रकान्यांना आधी सीडीबीएल (CDbl, मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) लावून त्यांचा आकडा करा, मग मिळवा. बॅच नंबरला मात्र हे लावू नका, सुरुवातीची शून्यं जातील.

एक्सेलचं म्हणणं अर्धं खरं. व्हीबीस्क्रिप्टचं राऊंड २.५ चे २ करतं, एक्सेल ३ करतं. तेव्हा पैशांचे आकडे एकदा हाताने ताडून बघाच. पण ५०० ग्रॅम मिरची पावडरची एमआरपी ९५ असेल तर नियमाप्रमाणे ग्रॅममागे ०.१९ रुपये छापायचे असतात. उद्या एमआरपी बदलली आणि शीटमधला ग्रॅममागच्या भावाचा रकाना तसाच राहिला, तर एकाच लेबलवर दोन भाव. शिवाय एक्सेल ००७१२ चं ७१२ करतं आणि लांब बारकोड ८.९०ई+१२ असा दाखवतं, ते वेगळंच.

महागडी आवृत्ती? तुमच्या आवृत्तीत स्क्रिप्ट चालते का, ते आधी बघा. नुसता क्रमांक वाढवायचा असेल तर झेब्रा प्रिंटरच्या झेडपीएल भाषेत एसएन ही आज्ञा आहे, टीएसपीएल ही दुसरी भाषा चालणाऱ्या प्रिंटरात काउंटर आहे. तेवढ्यासाठी पैसे कशाला घालता?

राहिले १८० दिवस. १ जानेवारी २०२५ ला भरलेल्या पाकिटावर १८० मिळवले की ३० जून येतो. डेटॲडला, म्हणजे व्हीबीस्क्रिप्टच्या तारखेत मिळवायच्या आज्ञेला, सहा महिने सांगितले की १ जुलै. लेबलवर महिना आणि वर्षच छापत असाल, तर एका दिवसाच्या फरकाने जुलैचा जून झाला.