माझ्या लेकराला पाणी पाजू नका, अजून किती वेळा सांगू?

घरात बोलले की लगेच ऐकावं लागतं, "बाळंतिणीनं एवढा त्रागा करू नये, दूध आटतं." म्हणून इथं लिहायलेय. दवाखान्यातून येऊन आज पाच दिवस झालेत आणि माझा राग तसूभरही कमी झालेला नाही.

माझं लेकरू 9 आठवड्यांचं आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालं, औसा तालुक्यातल्या माझ्या माहेरी. जन्मताना 2 किलो 650 ग्रॅम. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायच्या. सोबत कापडी झोळीचा काटा. लेकराला झोळीत टाकून काटा वर उचलला की माझी आई, मी, दादा, सगळे त्या सुईकडं श्वास रोखून बघायचो. सातव्या दिवशी वजन थोडं उतरलं होतं. आशाताई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात सगळ्याच लेकरांचं उतरतं, दोन आठवड्यांत भरून निघतं, फक्त अंगावर पाजत राहा. तसंच झालं. बेचाळिसाव्या दिवशी काटा 3 किलो 800 वर थांबला. माझ्या नवऱ्यानं लातूरहून फोनवरच "परत सांग, परत सांग" म्हणत तीनदा तो आकडा ऐकला. ते सगळं वजन माझ्या दुधाचं होतं. पाण्याचा एक थेंब त्यात नव्हता. मला त्याचा अभिमान आहे.

मग एप्रिलच्या मध्याला सासरी आले, लातूरला, आणि सुरू झालं. बाहेर ऊन 41-42 अंश. दिवसाला दोन-तीन घरची माणसं लेकरू बघायला येणार. उंबऱ्यातून आत पाय पडायच्या आधी पहिलं वाक्य, "लेकराला पाणी पाजायलीस ना?"

"नाही" म्हणलं की माझ्याकडं असं बघतात जणू मी लेकराला उन्हात बांधून ठेवलंय.

"अगं, घसा वाळायलाय की त्याचा. बघ, जीभ कशी काढायलंय."

"दोन चमचे पाज, काही होत नाही."

"दूध पुरत नाही वाटतं. लईच बारीक हाय की गं लेकरू."

हे शेवटचं तर रोज. रोज! अंगात ताप असताना, टाके दुखत असताना, रात्री दर दोन तासांनी उठून जिनं पाजलंय तिच्या तोंडावर, तिच्याच घरात, तिचाच चहा पीत लोक सांगतात की तुझं दूध पुरत नाही. काटा बघितला का तुम्ही? माझ्या नवऱ्यानं कालनिर्णयाच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं ओल्या लंगोटांच्या रेघा मारल्यात, त्या मोजल्या का? 8, 9, 8, 9. दिवसाला सहापेक्षा जास्त लंगोट ओले होत असले आणि वजन वाढत असलं तर दूध पुरायलंय. झालं. हे आशाताईंनी सांगितलं, लस देणाऱ्या सिस्टरनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. पण निलंग्याच्या काकूंनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, सांगितलं नाही म्हणून ते खरं नाही.

आईच्या दुधात शंभरातले 87-88 भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात लेकरू जास्त वेळा प्यायला मागतं, ते पाजायचं, की त्याची तहान भागली. सहा महिने वरचं काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. एवढ्या लहान लेकराचं मूत्रपिंड कोवळं असतं, पाणी जास्त झालं तर रक्तातलं मीठ उतरतं, झटकेसुद्धा येऊ शकतात. आणि त्याचं पोट केवढं असतं? ते पाण्यानं भरलं की दूध कमी जातं. लेकरू कमी ओढतं, मग खरंच दूध कमी होतं. म्हणजे "दूध पुरत नाही" म्हणणारेच दूध कमी करून ठेवतात.

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी साडेदहाची वेळ. लेकरू पाजून, ढेकर काढून पाळण्यात टाकलं आणि मी न्हाणीत गेले. दहा मिनिटं, जास्त नाही. बाहेर आले तर निलंग्याच्या काकू मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या. हातात बारशाला आलेला चांदीचा चमचा. वाटीत साखरपाणी. वाटी अर्धी झालेली. लेकराच्या ओठाच्या कडेनं पाणी उतरून मानेच्या घडीत साचलं होतं, झबल्याची नाडी भिजली होती. आणि घरातली चार माणसं भोवती बसून कौतुक करायली होती, "कसं चाटायलंय बघा, तहानलं होतं बिचारं."

मी आधी लेकरू उचललं. नंतर बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही, पण काकू दोन दिवस सगळ्या नातेवाइकांना फोन करून तेच सांगायल्या होत्या.

ते पाणी कुठलं? माठातलं. आमच्याकडं नळ रोज येत नाही, आला की ड्रम भरायचे, ड्रममधून माठ. त्या माठात दिवसभर घरातल्या सगळ्यांचे आणि आल्यागेलेल्यांचे हात, तांबे बुडतात. मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. नऊ आठवड्यांच्या लेकराला होतं.

पाण्याचं मोल मला कुणी शिकवू नये. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. 12 तारखेला पहिली गाडी आली, 10 टाक्या, 5 लाख लिटर. घागरींच्या रांगा मी डोळ्यांनी बघितल्यात. आमच्या मोरीतले निळे ड्रम त्याच उन्हाळ्यात घेतलेले आहेत. ज्या गावानं असे दिवस काढले, त्या गावातल्या बायांचा कुणाच्याही तहानेनं जीव तुटतो, हे मला कळतं. पण म्हणून त्या साठवलेल्या पाण्याचा चमचा माझ्या लेकराच्या तोंडात घालायचा?

दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा. रात्री ते प्यायलाच मागेना. त्या दिवशीच्या चौकोनात ओल्या लंगोटाच्या रेघा होत्या तीन. टाळूवर हात ठेवला तर खोल गेलेली. आम्ही पहाटे चारला दवाखान्यात पळालो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "वरचं काय दिलं?"

हाताची शीर सापडेना. दोनदा सुई टोचली, तिसऱ्यांदा पायात लागली. सुई हलू नये म्हणून त्याच्या एवढ्याशा पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून वरून पट्टी गुंडाळली. सहाव्या आठवड्यात लस घेताना जे लेकरू सगळा दवाखाना डोक्यावर घेत होतं, त्याला त्या पहाटे नीट रडायचंही बळ नव्हतं. तो आवाज माझ्या कानातून जात नाही. दोन रात्री सलाईन. दहाव्या आठवड्याची लस पुढं ढकलावी लागणार का, ते उद्या विचारायचंय.

आणि काकू दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "दृष्ट लागली गं. सगळ्यांना किती दाखवता, फोटो किती टाकता."

माझा राग नुसता काकूंवर नाही. तिथं बसलेल्या त्या चार जणांवर आहे. सहा महिने वरचं काही द्यायचं नाही, हे त्यातल्या प्रत्येकाला मी स्वतः सांगितलं होतं. माझ्या नवऱ्यावर आहे. घरी आल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे ना, मोठ्या आहेत त्या." रेघा मोजायला पुढं, आणि काकूंना एक वाक्य सुनवायची वेळ आली की मागं! कौतुकानं लेकराचा फोटो स्टेटसला ठेवणं म्हणजे बाप होणं नाही. दारात उभं राहून "आमच्या लेकराला काही द्यायचं नाही" एवढं म्हणायला पाहिजे, तेही माझ्या आधी.

"आमची लेकरं नाही का मोठी झाली?" हे तर मला पाठ झालंय. मी एकदा आजेसासूबाईंना विचारलं, तुमची किती बाळंतपणं? सात. हयात किती? पाच. दोन हगवणीनं गेली, एक तर पाचव्या महिन्यात. हे सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला. साठ वर्षांनंतरही! जी जगली ती आज माझ्यासमोर बसून वाद घालतात. जी गेली ती कुणाच्या हिशोबातच नाहीत.

बाकीचंही आहेच. कुणी मध घेऊन येतं, "चाटव, जिभेला चांगला." वर्षाच्या आतल्या लेकराला मध अजिबात चालत नाही, त्यातले जंतू कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि लेकराचं अंग लुळं पडतं. कुणी पावडरीचा डबा आणून ठेवतं. त्याच डब्यावर छापलेलं असतं की आईचं दूधच सगळ्यात चांगलं, कारण 1992 च्या कायद्यानं ते छापावंच लागतं. वाचा तरी! कुणी बाहेरून घामानं डबडबून येतं आणि हातही न धुता सरळ गालाचे मुके घेतं.

बारशाला चांदीचे तीन वाटी-चमचे आले होते. परवा ते तिन्ही कपाटात टाकले आणि किल्ली माझ्या मंगळसूत्रात अडकवली.

काल दुपारी शेजारच्या मावशी आल्या. दहा मिनिटांत म्हणाल्या, "अगं, आजारातनं उठलंय लेकरू, चमचा आण, दोन थेंब पाणी दे त्याला." मी म्हणलं, नाही. त्या परत म्हणाल्या. मी परत नाही म्हणलं. सासूबाई मध्ये पडायला उठल्या, त्यांनाही सांगितलं, नाही. मावशी चहा न घेताच गेल्या. जाऊ द्यात. मी लेकराला पदराखाली घेतलं, अर्धा तास ते पोटभर प्यायलं, आणि कालच्या चौकोनात परत आठ रेघा आहेत.