‘मुंबईत ओळखीशिवाय वकिली नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. ‘लॉ करणाऱ्या प्रत्येक मुलाने वाचावं असं कटू सत्य.’ लेखक कोण, तर ‘एक अनुभवी वकील’. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर माझ्या ज्युनिअरच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरत होता, तिसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला पाठवला. रात्री भाचीचा फोन आला. ती यंदा तीन वर्षांच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. “आत्या, हे असंच असेल तर मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरू का?”

मजकुराचं सार असं: नामांकित लॉ स्कूल नसेल तर अर्ज करण्यात अर्थ नाही. मुंबईत ओळखीशिवाय कुठलाही सिनियर ठेवून घेत नाही. पहिली पाच वर्षं फुकट राबायचं, पैशाचा विषय काढायचा नाही. इंग्रजी फाडफाड नसेल तर हायकोर्टाची पायरी चढू नका. दोनशे ठिकाणी बायोडेटा पाठवा, एखादा लागेल. इन्स्टावर रील टाका, क्लायंट धावत येतील. आणि यातलं काहीच जमलं नाही तर कंपनीत तीन-चार वर्षं नोकरी करा आणि मग जजची परीक्षा द्या.

मी १७ वर्षं फोर्टमध्ये वकिली करते आहे. घरात माझ्याआधी कुणी वकील नव्हतं, वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. या मजकुरातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण यातला शेवटचा सल्ला भाचीने ऐकला तर तिची तीन वर्षं पाण्यात जातील, म्हणून लिहायला बसले.

कॉलेजच्या नावाचा मुद्दा लवकर संपतो. नरिमन पॉइंट आणि लोअर परळच्या मोठ्या कॉर्पोरेट फर्मांपुरता तो बराचसा खरा आहे. त्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांच्या कॅम्पसवर जातात, आणि उरलेल्या जागा त्यांच्याकडे दीर्घ इंटर्नशिप केलेल्यांना मिळतात. पण म्हणजे मुंबईतलं सगळं काम तिथेच आहे का? धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरू आणि मालकांचे दावे आजोबांकडून नातवाकडे येतात. बीकेसीत कौटुंबिक न्यायालय, दिंडोशीला सत्र न्यायालय, वरळीला धर्मादाय आयुक्त, कफ परेडला एनसीएलटी (कंपन्यांच्या वादांचं न्यायाधिकरण), शिवाय बिल्डरांविरुद्धच्या तक्रारींसाठी महारेरा, सहकार न्यायालय, ग्राहक आयोग. त्यात हल्ली गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट. डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर करून देत नसेल तर जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज, सहकार कायद्याच्या ७९ (अ) खालची रिडेव्हलपमेंटची प्रक्रिया, सभासदांचे करार, बिल्डरला नोटिसा… हे करणारी ऑफिसं दोन-चार माणसांची असतात आणि ती कुठल्याही कॅम्पसवर जात नाहीत. तिथे पहिला प्रश्न कॉलेजचा नसतो. “प्रॉपर्टी कार्ड वाचता येतं का?” हा असतो.

आता ओळख. हा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. सिनियर अनोळखी माणसाला सहसा ठेवत नाही, हे खरंच. पक्षकाराचे मूळ कागद ज्याच्या हातात द्यायचे, त्याला थोडं तरी पाहिलेलं हवं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने मात्र ओळख म्हणजे काका-मामा धरले आहेत. फोर्टमध्ये ओळखीचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की, या मुलीला काम करताना मी बघितलंय.

माझी आताची ज्युनिअर मला हायकोर्टाच्या फाइलिंगच्या खिडकीपाशी भेटली. मी ऑफिस ऑब्जेक्शन्स, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाने फाइलमध्ये दाखवलेल्या त्रुटी, दूर करत उभी होते आणि पानांचे क्रमांक काही केल्या जुळत नव्हते. ती दुसऱ्या एका वकिलाकडे इंटर्न होती, तिच्या हातात त्यांची फाइल. शेजारून म्हणाली, “मॅडम, तुमचं एक्झिबिट सी दोनदा लागलंय.” लागलं होतं. मी तिचा नंबर घेतला. सहा महिन्यांनी तिचा निकाल लागला तेव्हा फोन मी केला, तिने नव्हे. तिचे वडील नालासोपाऱ्याला इस्त्रीचं दुकान चालवतात.

अशी ओळख व्हायला बार कौन्सिलच्याच, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांनी वेळ ठेवला आहे. तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. मुलं काय करतात, तर चार आठवडे इथे, चार तिथे, आणि शेवटी सर्टिफिकेटांची फाइल. त्यापेक्षा जिथे काम शिकायला मिळालं तिथेच पुढच्या सुट्टीत परत जा. दुसऱ्यांदा आलेल्या मुलाला स्टाफ चहा विचारतो, आणि सिनियर फाइल देतो. कोर्टं खुली असतात, मागच्या बाकावर बसायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. आदल्या दिवशी हायकोर्टाच्या वेबसाइटवर बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मॅटरांची (प्रकरणांची) यादी, लागतो. एक मॅटर निवडा, दोन-तीन तारखा बसून ऐका, कोण कसं मांडतं ते बघा. मग त्यातल्या एखाद्या वकिलाला लिहायला तुमच्याकडे खरोखर काहीतरी असेल.

आणि म्हणूनच ते दोनशे बायोडेटे वाया जातात. मला आठवड्याला आठ-दहा येतात. निम्म्यांची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’. मी सर नाही, हे लेटरहेडवरच्या नावावरूनही कळतं. पुढे तीन परिच्छेद ‘प्रतिष्ठित चेंबर’बद्दल, मूट कोर्टची (कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांची) यादी, आणि मी नेमकं कुठलं काम करते याचा पत्ता नाही. गेल्या वर्षी एका मुलाने चार ओळी लिहिल्या होत्या. अमुक तारखेला तुमचा युक्तिवाद ऐकला, भाडे नियंत्रण कायद्याच्या दाव्यांत काम करायचं आहे, अमुक दिवसापासून मोकळा आहे, सोबत मी स्वतः लिहिलेल्या नोटिशीचा नमुना, पक्षकाराची नावं काढून. माझ्याकडे जागा नव्हती, तर मी ती मेल शेजारच्या ऑफिसात पाठवली. तो आज तिथे आहे.

आता पैसा. इथे फॉरवर्डवाला खरं बोलता बोलता घातक सल्ला देतो.

सुरुवातीला पैसे कमी मिळतात. माझ्या पहिल्या सिनियरांनी सात महिने एक रुपया दिला नाही. दिवाळीला काजुकतलीचा डबा दिला. ट्रेनचा पास, झेरॉक्स, सर्टिफाइड कॉपीची फी, कधीकधी पक्षकाराचा चहा, हे सगळं वडिलांच्या पगारातून. मला वाटायचं, रीतच आहे. आठव्या महिन्यात मी काळबादेवीतल्या एका दीड खोलीच्या ऑफिसात गेले. तिथे ४ हजार मिळायचे, पण १ तारखेला मिळायचे, आणि खर्चाचे पैसे संध्याकाळच्या संध्याकाळी. या दुसऱ्या ऑफिसात मी जास्त शिकले. जो माणूस पैसे देतो, तो ते वसूल व्हावेत म्हणून शिकवतोही, असा माझा अनुभव आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, बंधन नाही, आणि फोर्टमधली अनेक ऑफिसं ती पाळत नाहीत. पण ‘विषय काढायचाच नाही’ म्हणणाऱ्याला दाखवायला आता कागद आहे. विषय कसा काढायचा? पहिल्या दिवशी नको, महिना संपताना काढा, आणि तीन गोष्टी विचारा: ठरावीक रक्कम किती, कोर्टाचा आणि प्रवासाचा खर्च कोण करणार, आणि माझी स्वतःची छोटी मॅटर घेतलेली चालतील का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर पहिल्या उत्तरात थोडी तडजोड परवडते. भाडेकराराची नोंदणी, चेक न वटल्याची नोटीस, ग्राहक तक्रार, यांवर पहिलं वर्ष काढलेले कितीतरी वकील आहेत. तिन्हींचं उत्तर ‘बघू’ असेल, तर दुसरं ऑफिस बघा.

आणि पाच वर्षं फुकट राबणं कुणाला परवडतं? ज्याच्या बापाचा फ्लॅट दादरला आहे त्याला. डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली याच हायकोर्टात वकिली सुरू केली, तेव्हा कामं मिळायची मारामार होती. पुढे १९२५ पासून ते बाटलीबॉईज अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये मर्कंटाइल लॉ शिकवून संसाराला हातभार लावत होते. १९३५ मध्ये ते गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. वकिलीच्या जोडीला आणखी काही करून घर चालवण्यात कमीपणा आहे, असं कुणी सांगू लागलं की मला बाटलीबॉईज आठवतं.

फॉरवर्डमध्ये ओघात ‘सनद काढायलाच वीस-पंचवीस हजार’ असंही एक वाक्य आहे. ते आता खरं नाही. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये जेवढी लिहिली आहे तेवढीच नोंदणी फी घेता येईल: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५. मुद्रांक शुल्क काय ते वेगळं.

इंग्रजीचं म्हणाल तर हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे ती यायलाच हवी. फाडफाड मात्र नको, नेमकी हवी. आमच्या कोर्टात सर्वांत जास्त ऐकलं जाणारे काही वकील अत्यंत सावकाश, आखूड वाक्यांत बोलतात. आणि मराठीच्या गरजेबद्दल कुणी बोलतच नाही. फिर्याद, जबाब, पंचनामा, सोसायटीचे ठराव, शासन निर्णय, हे सगळे कागद मराठीत असतात. हायकोर्टात ते लावायचे तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. रात्री अकराला आलेला बारा पानी पंचनामा सकाळी दहापर्यंत इंग्रजीत नीट उतरवणारा ज्युनिअर मिळवण्यासाठी मी भल्याभल्यांना हातघाईवर आलेलं पाहिलं आहे. मराठी शाळेत शिकलेली मुलं हे बायोडेटात लिहीतच नाहीत. लाजतात.

फौजदारीकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तीस-तीस वर्षं पाठ असलेले कलमांचे आकडे एका रात्रीत बदलले. पूर्वी ४८२ म्हटलं की हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायचा अर्ज. आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. सिनियर अजून अडखळतात. जुना-नवा तक्ता ज्याच्या तोंडावर आहे, त्याच्याकडे मान वळते.

रीलबद्दल फार लिहीत नाही. बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमाने वकिलाला काम मिळवण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे, थेट किंवा आडून. कायदा समजावून सांगणं वेगळं आणि ‘डिव्होर्स हवाय? डीएम करा’ वेगळं. सनद हातात यायच्या आत ती धोक्यात कशाला घालायची?

आता तो शेवटचा सल्ला, कंपनीत नोकरी करून मग जज. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात, नोंदणीनंतर द्यायची ऑल इंडिया बार एक्झाम पास झाल्यापासून नव्हे. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. पण कंपनीच्या लीगल विभागातली पूर्णवेळ पगारी नोकरी? बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमाप्रमाणे तसा नोकरदार वकिली करूच शकत नाही, त्याला सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे फॉरवर्डवाल्याचं ऐकून जो तीन वर्षं कंपनीत बसेल, तो चौथ्या वर्षी शून्यावर असेल. कंपनीची नोकरी वाईट नाही. पगार १ तारखेला येतो, शनिवार-रविवार आपला असतो. ज्याला ती करायची आहे त्याने खुशाल करावी, फक्त ती जजच्या परीक्षेची पायरी समजून करू नये.

वकिली केल्याचं प्रमाणपत्रही आपोआप मिळत नाही. ते त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं लागतं, किंवा किमान दहा वर्षांच्या वकिलाचं, आणि त्यावरही त्या अधिकाऱ्याची मोहोर. त्यामुळे पहिल्या दिवसापासून रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, आपलं नाव येतंय ना, हे बघायला हवं. सिनियरच्या मागे नुसतं उभं राहिलं तर रोजनाम्यात त्यांचंच नाव येतं.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मग बँकेचा फॉर्म?” म्हटलं, भर, दोनशे ठिकाणी बायोडेटा पाठवण्यापेक्षा तो बरा. पण सोमवारी साडेदहाला हायकोर्टात ये. माझं मॅटर बोर्डावर ४५ वं आहे, पोहोचणार नाही बहुतेक. पहिली ४४ ऐकायला ये.