अर्धं ताट, पूर्ण ताट

गेल्या रविवारी माझ्या मुलाची किंमत साडेनऊशे रुपये ठरली. जीएसटी वेगळा.

लग्न नवऱ्याच्या आतेबहिणीचं. कार्यालय पुण्यातलं, म्हात्रे पूल ते राजाराम पूल या पट्ट्यातलं, जिथे दाट तिथीला गाडी लावायला जागा मिळेपर्यंत आत सप्तपदी उरकलेली असते. पत्रिकेत सहकुटुंब, सहपरिवार वगैरे नेहमीचं सगळं होतं. शिवाय खाली, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं! – तन्वी, अर्णव आणि छोटा विहान.’ यातला छोटा विहान आठ महिन्यांचा आहे. ज्या घरात पाळण्यातलं पोर आग्रहाचं आमंत्रण करतं, तिथे शाळेत जाणारं पोर घेऊन जायला काय हरकत? गेलो.

अक्षता पडल्या आणि सगळी मंडळी वरच्या मजल्यावर जेवायला सुटली. जिन्याच्या तोंडाशी एक काका खुर्ची टाकून बसले होते. नवरीच्या वडिलांचे साडू. सिल्कचा झब्बा, खांद्यावर उपरणं आणि बोटात नामजप मोजायचं ते छोटं डिजिटल यंत्र. माणूस आत गेला की टिक. मला वाटलं, काय भाविक गृहस्थ आहेत, भर लग्नातही रामनाम चालू आहे. मागच्या बाईंनी कानात सांगितलं की केटरर ताटं वाढवून लावतो असा त्यांना संशय आहे, म्हणून ते आपला वेगळा हिशेब ठेवतायत. सांगितलं कोणी होतं? कोणीच नाही.

टिक, नवरा गेला. टिक, मी गेले. मग काकांचा अंगठा हवेत थांबला.

“हा किती?”

“एकच आहे,” मी म्हणाले.

“वय विचारतोय.”

“पाच.”

“पावणेसहा!” चिरंजीव गरजले. आजीनं त्याला नुकतंच पाव, अर्धा, पाऊण शिकवलंय. “गणपतीत सहा पूर्ण!”

काकांच्या चेहऱ्यावर विनातिकीट प्रवासी सापडल्याचं समाधान पसरलं. “बघा. पाचच्या आत असता तर प्रश्नच नव्हता. पूर्वी दहापर्यंत अर्धं ताट धरायचे. हा केटरर पाच पूर्ण झाली की पूर्ण लावतो. साडेनऊशे, वर जीएसटी.”

“बरं मग?”

“मग काही नाही. माहीत असावं म्हणून सांगितलं. खातो काय हा?”

“पोळी. वरणभात.”

“जिलबी?”

“नाही आवडत.”

“मठ्ठा?”

“तिखट लागतो त्याला.”

“म्हणजे साडेनऊशेची पोळी,” काका रांगेला उद्देशून म्हणाले. रांग आता जिन्याला वळसा घालून खाली गेली होती. दोन पायऱ्या खालच्या एका आजोबांनी चक्क मान हलवून दुजोरा दिला. मग काकांनी आवाज खाली आणला. “असं करा ना ताई. त्याला तुमच्याच ताटात घ्या. वेगळं ताट उचलू देऊ नका. म्हणजे मी दाबत नाही.”

एवढी सवलत देऊन त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी आता वाकून नमस्कार करावा.

आता याच मुलाला तासाभरापूर्वी व्हिडिओवाल्यानं माझ्या हातातून ओढून नेलं होतं. नवरी मंडपात येताना पुढे फुलं उधळत चालायला ‘छोटी मुलं’ हवी होती. ड्रोनचा शॉट बिघडला म्हणून दोनदा चालायला लावलं. तेव्हा वय कोणी विचारलं नाही. मग १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त, तेवढ्यात मंगलाष्टकं म्हणायला माइक नवरीच्या मामेआत्यांच्या हातात गेला. बाईंनी स्वतः रचून आणलेली होती. त्यात नवरीच्या नर्सरीपासून एमबीएपर्यंतची सगळी प्रगती आली, पुण्यातल्या फ्लॅटचा मजला आला, आणि ‘सावधान’ला ज्या पट्टीत त्या पोचल्या तिथून माझ्या पुढच्या रांगेतलं बाळ घाबरून रडायला लागलं. लगेच पाचपन्नास माना वळल्या. आत्याबाईंकडे नाही, बाळाच्या आईकडे. ‘बाहेर न्या ना त्याला.’ बाळाचा बाप शेजारीच बसून रील बघत होता, आवाजासकट. त्याला कोणी काही म्हटलं नाही. ती बिचारी पैठणी सावरत, बाळ आणि पिशवी घेऊन बाहेर गेली आणि तिनं त्या अक्षता पार्किंगमध्ये टाकल्या. हे मी हसण्यासाठी सांगत नाहीये. मी स्वतः अशी निदान चार लग्नं पार्किंगमधून पाहिली आहेत.

खरं तर लग्नात लहान मुलं नकोत ही टूम आपल्याकडे फारच ताजी. १८४० साली सावित्रीबाई फुले बोहल्यावर उभ्या राहिल्या तेव्हा ९ वर्षांच्या होत्या, जोतीराव १३ वर्षांचे. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या होत्या. आमच्या काकांनी त्या काळी नवरीलाच जिन्यात अडवलं असतं आणि वधूपित्याचं अर्धं ताट वाचवून दिलं असतं. १८९१ साली मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं कायदेशीर किमान वय, १० वरून १२ वर न्यायचं एवढ्यावरून याच पुण्यात केवढं रण माजलं! १९२९ च्या शारदा कायद्यानं लग्नाचं वय मुलीचं १४ आणि मुलाचं १८ केलं, आता ते १८ आणि २१ आहे. म्हणजे मुलांना बोहल्यावरून खाली उतरवायलाच आपल्याला शंभरेक वर्षं लागली. उतरवल्यावर त्यांनी बसायचं कुठे आणि जेवायचं किती वाजता, हे अजून कोणी ठरवलेलं नाही. सकाळी नऊला नाश्ता झालेल्या पोराला दोन वाजेपर्यंत फोटो बघायला लावायचं, वर चार प्रकारचे चाट, पास्ता, मंगोलियन काउंटर लावायचे, साधा वरणभात मात्र सगळ्यात शेवटच्या टेबलावर, झाकणाखाली. आणि पोरानं भोकाड पसरलं की संस्कार काढायचे.

यातलं मी काकांना काहीही बोलले नाही. सासरकडचं कार्य. मी फक्त म्हणाले, “काका, दाबा तुम्ही. जेवेल तो स्वतःच्या ताटात.”

“मी दाबू?” चिरंजीवांनी विचारलं. गेली पाच मिनिटं त्याचं सगळं लक्ष त्या यंत्रावर होतं.

काका ‘नाही’ म्हणेपर्यंत बोट पोचलं होतं. त्या यंत्राला दोन बटणं असतात. एक मोठं, मोजायचं. बाजूला एक बारीकसं, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. माझ्या मुलाला बारीक बटणं जास्त आवडतात.

पडद्यावर नुसतं शून्य.

काका काही क्षण यंत्र कानाशी नेऊन हलवत राहिले. मग उभे राहिले, मग परत बसले. “किती झाले होते?” त्यांनी रांगेला विचारलं. कोणी दोनशे म्हणालं, कोणी साडेतीनशे. मघाशी दुजोरा देणारे आजोबा म्हणाले, “आत जाऊन डोकी मोजा.” काका खरंच आत गेले. पण बुफेत माणसं एका जागी राहत नाहीत, आणि नुसतं दहीवड्याच्या काउंटरवरच त्यांची तीनदा सुरुवातीपासून मोजणी झाली. तेवढ्या वेळात जिन्यावरून मंडळी बिनहिशेबी वर गेली. मुलानं ताट घेतलं, दोन पोळ्या खाल्ल्या आणि जिलबीही मागून घेतली, जी त्याला आवडत नाही.

काल आत्येसासूबाईंचा फोन आला. मला वाटलं, आल्याबद्दल आभार. तर केटररनं ४६० ताटांचं बिल लावलंय आणि काका म्हणतात चारशेच्या वर एक माणूस नव्हता. “अगं, ते विचारतायत,” त्या जरा चाचरतच म्हणाल्या, “बटण दाबायच्या आधी तुझ्या लेकानं आकडा पाहिला होता का?”

मी लेकाला हाक मारून विचारलं.

“हो. शंभर कोटी.”

मी तसंच कळवलं.