टाचेला टोचलं, साखरेला लागलं

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेतून अशी कळ जायची की शेजारच्या आजोबांना गजराची गरज उरली नाही. मग सल्ले सुरू झाले. ‘हाड वाढलंय’ हे निदान दूधवाल्यानंही केलं. गरम विटेवर रुईची पानं ठेवून शेकलं, एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चपला घातल्या, पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली लाटली. शेवटी हाडांचे डॉक्टर म्हणाले, “स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बघू.”

स्टिरॉइड म्हटल्याबरोबर मावशी हादरली. “शरीर पोखरतं रे ते!” मी म्हटलं, “अगं, याच कुळातल्या कॉर्टिसोनवर काम करणाऱ्यांना 1950 साली नोबेल मिळालंय.”

“त्यांची टाच दुखत होती का?”

डॉक्टरांनी धोके शांतपणे सांगितले. मला त्यांची शांतताच जास्त झोंबली. पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. टोचल्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते. जंतुसंसर्ग क्वचित. तळव्याचा पडदा, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला पट्टा, फाटणं, तेही क्वचितच. आणि टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते. इथे मात्र मला अन्याय वाटला. पोटावर इतकी वर्षं जपलेला साठा आहे, त्याला कुणी हात लावणार नाही. झिजणार काय, तर जिच्यावर उभा आहे ती गादी! एवढं करून आराम किती? काही आठवडे, फार तर तीनेक महिने.

मेहुण्याला घोट्यामागच्या जाड शिरेत (रक्ताची नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारी) असंच इंजेक्शन हवं होतं. डॉक्टरांनी साफ नकार दिला, कारण ती शीर तुटू शकते. तेव्हापासून तो आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून परत टोचून घ्यायचं म्हणतोय. त्यात स्टिरॉइड नसतं, पण खर्च ऐकून त्याच्या टाचेचं दुखणं तात्पुरतं थांबलं.

सुई तळव्यातून नव्हे, टाचेच्या आतल्या कडेनं गेली. सोबत बधिर करणारं औषध होतं, त्यामुळे मी रुबाबात चालत बाहेर पडलो, रिक्षा नाकारली, वर भाजीही घेतली. संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला आणि ती भाजी मला निवडत बसावी लागली, कारण उभं राहता येईना.

दुसऱ्या दिवशी साखर मोजली, तर अडीचशेच्या वर! मधुमेह्यांची साखर या इंजेक्शनानं काही दिवस वाढते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मी बायकोला ते ठासून ऐकवलं आणि आमरसाची वाटी पुढे ओढली. तिनं तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला.

“इंजेक्शनानं वाढते हे खरं,” डॉक्टर म्हणाले, “म्हणूनच या दिवसांत गोड अजिबात नको.”

वाटी गेली. मी कसंबसं विचारलं, “पुढचं इंजेक्शन कधी?”

“लागलंच तर निदान तीन महिन्यांनी.”

म्हणजे तोवर आंबाही संपलेला.