नवशिक्यांना सगळ्यात मुरलेला शिक्षक द्या

बरेच दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकते. ज्या कलासंस्थांमध्ये निवडचाचणी नाही, वयाची अट नाही, फी भरली की कुणालाही गाणं शिकता येतं, तिथे शिक्षकांची वाटणी बहुतेक वेळा उलटी होते. नुकता रुजू झालेला शिक्षक नवशिक्यांच्या वाट्याला येतो. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेला शिक्षक मात्र ज्यांना आधीच बरं गाता येतं त्यांच्यासाठी राखून ठेवतात. मी स्वतः अशा ठिकाणी शिकलेय, आणि मला ही वाटणी साफ चुकीची वाटते.

पेटी किंवा गिटार शिकवणाऱ्याला निदान वाद्य डोळ्यांसमोर दिसतं. बोट भलतीकडे पडलं की ते उचलून जागेवर ठेवता येतं. गळ्याच्या शिक्षकाला ही सोय नाही. मोठ्या बाईचे स्वरतंतू जेमतेम दीड सेंटीमीटरचे, पुरुषाचे दोनच्या आसपास. वाद्यं जुळवायला वापरतात तो 440 हर्ट्झचा सूर लावला की ते सेकंदाला 440 वेळा उघडतात-मिटतात, आणि हे सगळं घशाच्या आत, अंधारात चालतं. गंमत म्हणजे तिथे पहिल्यांदा नीट डोकावून पाहिलं ते एका गाण्याच्या शिक्षकानेच. मॅन्युएल गार्सियाने 1854 मध्ये पॅरिसला दंतवैद्याचा छोटा आरसा आणि उन्हाचा कवडसा वापरून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढच्या वर्षी ती निरीक्षणं लंडनच्या रॉयल सोसायटीत मांडली गेली. (गृहस्थ 101 वर्षं जगले. गाण्याने आयुष्य वाढतं असा निष्कर्ष कृपया काढू नका.)

आरसा हाताशी नसताना शिक्षकाकडे उरतो तो कान. वरच्या सुरावर आवाज चिरकला तर तो दम कमी पडल्यामुळे, जीभ मागे ओढल्यामुळे, जबडा आवळल्यामुळे, की मुळात पट्टीच (म्हणजे ज्या सुराला ‘सा’ मानून गायचं तो) चुकल्यामुळे? चारही वेळा ऐकू येणारी गोष्ट जवळपास एकच असते, उपाय मात्र चार वेगळे. मुरलेला विद्यार्थी निदान सांगू तरी शकतो, ‘इथे मला गळा धरल्यासारखा वाटतो.’ नवशिक्याला ते सांगता येत नाही. उलट गळ्याच्या शिरा ताठ झाल्या की आपण जीव ओतून गातोय असं त्याला वाटतं. म्हणजे निदानाला सगळ्यात अवघड विद्यार्थी आपण सगळ्यात कमी अनुभवाच्या माणसाकडे पाठवतो.

त्यातही आवाज फुटण्याच्या वयातली मुलं. बारा ते पंधराच्या दरम्यान मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, आणि तो जिन्याच्या पायऱ्या उतरावा तसा उतरत नाही. काल लागलेला सूर आज नसतो, मधेच चार सूर गायब होतात, परवा परत येतात. जॉन कुक्सी या अमेरिकन अभ्यासकाने 1970 च्या दशकातच या बदलाचे टप्पे मांडले होते. मुलाचा आवाज या काळात कुठवर चालतो ते पाहून त्याला तेवढ्याच सुरांत गायला लावायचं, हे त्यातून निघणारं साधं शहाणपण. तरीही ‘आवाज स्थिर होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष गाणं बंद ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. बंद केलेल्यांतले किती परत येतात, ते वर्गातल्या मुलग्यांच्या संख्येवरून दिसतंच. मुलींचा आवाजही या वयात दोन-तीन स्वर उतरतो, त्यात हवा मिसळल्यासारखी ऐकू येते. पण मुलींना कुणी हसत नाही, म्हणून त्याकडे लक्षही जात नाही.

दुसरी बाजू पन्नाशी-साठीत शिकायला येणाऱ्यांची. ‘मी बेसूर आहे’ ही यांची पहिली ओळख. जन्मतःच सूर ओळखू न येणारी माणसं शंभरात एखाद-दुसरीच असतात. बाकीच्यांना सूर ऐकू येतो, गळ्याला तिथे नेता येत नाही इतकंच. यातल्या कितीतरी जणांना चुकीच्या पट्टीने ‘बेसूर’ ठरवलेलं असतं. पेटीच्या काळी एक पट्टीत, म्हणजे खालच्या सुरात गाणारे गुरुजी, समोर बऱ्याच वरच्या काळी चारच्या आवाजाच्या बायका आणि लहान मुलं, आणि सगळ्यांनी गुरुजींच्या षड्जाला (‘सा’ला) षड्ज लावायचा! पट्टी बदलली की निम्मं ‘बेसूरपण’ पहिल्या दिवशीच जातं. हे ओळखायला मोठा गवई लागत नाही, बरेच वेगवेगळे गळे ऐकलेला माणूस लागतो.

आणखी एक गोष्ट अनुभवी शिक्षकाला कळते: शिकवणं कधी थांबवायचं. घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही तर घसा तज्ज्ञाकडून आतून तपासून घ्यावा, असं डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘रियाज वाढवा, सुटेल आवाज’ असं म्हणणारा शिक्षक इथे खरंच धोक्याचा ठरतो.

आता, अनुभवी शिक्षक नवशिके का घेत नाहीत, तर त्यात त्यांचाच दोष आहे असं नाही. संस्थेची वाहवा होते ती वार्षिक कार्यक्रमात, आणि तिथे चमकतात ते आधीपासून चांगलं गाणारे. सात महिन्यांत एखाद्या काकांचा आवाज पहिल्यांदा षड्जावर स्थिर झाला, याला कोण टाळ्या वाजवणार? शिवाय नवशिक्यांना सतत गाऊन दाखवावं लागतं. लागोपाठ अर्ध्या-अर्ध्या तासाचे वर्ग लावले तर शिक्षकाचाच घसा बसतो. शिक्षकी पेशात आवाजाच्या तक्रारी आधीच जास्त. मग नवशिक्यांच्या दोन वर्गांमध्ये मोकळा वेळ ठेवा, आणि त्या वेळेचेही पैसे द्या.

नव्या शिक्षकांनी शिकवायला शिकायचं कुठे, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: प्रगत विद्यार्थ्यांवर. त्यांच्या गळ्याला बरं-वाईट कळतं, चुकीचं सांगितलं तर ते तोंडावर बोलतात, आणि त्यांचं फारसं बिघडत नाही. सोबत पहिलं वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या नवशिक्या वर्गात बसून नुसतं ऐकू द्या.

संस्था चालवणारे कुणी हे वाचत असतील तर पुढच्या सत्राचं वेळापत्रक लावताना एवढं करून पाहा. आणि पालकांनो, प्रवेश घेताना ‘सर कुठे कुठे गातात’ हे विचारून झालं की, ‘आवाज फुटणाऱ्या मुलांना तुमच्याकडे कोण शिकवतं’ हेही विचारा.