पगार वाढवा, शहाणपण नको

काल एचआरची मेल आली. विषय: ‘वाढत्या खर्चाचा ताण? आम्ही आहोत ना!’ क्षणभर वाटलं, पगाराचं काहीतरी असेल. उघडून बघते तर वेबिनार. तोही जेवणाच्या सुट्टीत, कॅमेरा चालू ठेवून, हजेरी सक्तीची. घरखर्चाचं नियोजन कसं करावं, ‘गरज’ आणि ‘हौस’ यांतला फरक कसा ओळखावा वगैरे. अहो, हौस केव्हाच गेली. आता गरजांपैकी कुठली मागे ढकलायची एवढंच ठरवायचं उरलंय. दात दुखतोय, ते पुढच्या महिन्यावर. चष्म्याचा नंबर वाढलाय, ते त्याच्या पुढच्या. अपुऱ्या पगारात घर चालवणारा माणूस जेवढं काटेकोर बजेट करतो तेवढं कंपनीचा फायनान्सवालासुद्धा करत नसेल. आणि त्याला बचत शिकवायला वक्ता बोलावलाय! तो काही फुकट येत नाही. त्याच्या मानधनाला मात्र बजेट असतं.

साधं गणित आहे. पगार 100 धरा. वर्षभरात किमती 7 टक्क्यांनी चढल्या आणि तुम्ही 4 टक्के वाढ दिलीत. हातात आले 104, पण गेल्या वर्षीसारखंच जगायला लागतात 107. म्हणजे पगार जवळपास 3 टक्क्यांनी कापलात. असंच तीन वर्षं चाललं की पगार 112 वर आणि खर्च 122 वर. आठेक टक्के गायब! ‘तुमचा पगार 8 टक्के कमी करत आहोत’ असं सरळ पत्र दिलं असतं तर ऑफिसात बोंबाबोंब झाली असती. तेच ‘अभिनंदन’ लिहून हातात ठेवलं की आपण वर थँक यू म्हणतो. मीही म्हणते, न म्हणून सांगणार कुणाला?

आणि हे कुणा एकट्यादुकट्याचं रडगाणं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2022 च्या वेतन अहवालात स्पष्ट म्हटलंय की त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत जगभरातलं खरं मासिक वेतन, म्हणजे महागाई वजा करून उरणारं, 0.9 टक्क्यांनी घटलं. या शतकात पहिल्यांदाच.

मग साहेब म्हणतात, महागाई आता उतरलीय की! महागाईचा दर उतरला हो, किमती कुठे उतरल्या? दर 7 वरून 3 वर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या नाहीत, फक्त आधीपेक्षा हळू महाग होतायत. चढलेलं भाडं तिथेच आहे. एवढं ज्यांना कळत नाही त्यांच्या हातात आमचं अप्रेझल!

‘सगळ्यांना सरसकट 5 टक्के, भेदभाव नको’ हे दुसरं नाटक. 100 वाल्याला 5, 1000 वाल्याला 50. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं 1857 मध्येच दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा वाटा पोटापाण्यावर जातो. म्हणजे अन्न महागलं की खालच्या माणसाचं कंबरडं मोडतं, वरच्याला फारतर बातमीत कळतं. टक्केवारी बाजूला ठेवून सगळ्यांना सारखीच ठोक रक्कम दिली असती, तर त्याच पैशात खालच्याला श्वास घेता आला असता. पण यादी बनवणारे वरचेच, त्यामुळे हे कुणाला सुचत नाही.

एकदाच दिलेल्या बोनसनंही बोळवण करू नका. तो मूळ पगारात धरला जात नाही, पुढची वाढ त्यावर निघत नाही आणि भाडं काही एकदाच भरायचं नसतं.

परवडत नाही म्हणे! बेल्जियममध्ये पगार किंमत निर्देशांकाला बांधलेले आहेत, म्हणजे किमती चढल्या की पगारही आपोआप चढतात. जानेवारी 2023 मध्ये तिथल्या लाखो खासगी कर्मचाऱ्यांचे पगार एका झटक्यात 11 टक्क्यांहून जास्त वाढले. मालकांनी भरपूर कुरकुर केली, देश काही बुडाला नाही. हेन्री फोर्डनं 1914 मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून जास्त, ते काय दानधर्म म्हणून? आदल्या वर्षी त्याच्याकडे माणसं टिकेनात. एका जागेसाठी वर्षात तीन-चार वेळा नवीन माणूस घ्यावा लागत होता. आमच्याकडे जुना माणूस वाढ मागतो तेव्हा पैसे नसतात. तो गेला की त्याच खुर्चीवर नवीन माणूस जास्त पगारावर येतो आणि त्याला काम शिकवायचं आम्ही, आमच्या त्याच पगारात. (फोर्डनंही ते पाच डॉलर सरळ दिले नव्हतेच. कामगार घरी कसे राहतात, पैसे कशावर उडवतात हे बघायला तपासनीस पाठवायचा. आमचा वेबिनार त्याच खानदानातला.)

बरं, धरून चालू की खरंच कंपनीची तिजोरी रिकामी आहे. मग निदान आमच्या खिशातून तरी काढू नका! कामासाठी केलेल्या प्रवासाचा खर्च मी आधी भरायचा, बिल अपलोड करायचं, तीन आठवड्यांनी उत्तर येणार ‘फोटो अस्पष्ट, पुन्हा जोडा’, पुन्हा जोडलं की ‘या महिन्याची मुदत संपली’. म्हणजे मी कंपनीला बिनव्याजी कर्ज देते आणि तोच महिना काढायला क्रेडिट कार्डाचं व्याज भरते. हे पैसे आठवड्यात परत करा. अडीनडीला पगारातून बिनव्याजी उचल द्या, तीही चार जणांपुढे कारणं सांगायला न लावता. शिफ्टचं वेळापत्रक आधी सांगा, म्हणजे मूल सांभाळायला ऐनवेळी दुप्पट पैसे मोजावे लागणार नाहीत. जे काम घरून होतं त्यासाठी फक्त तोंड दाखवायला बोलावू नका. यातल्या एकाही गोष्टीला नवीन बजेट लागत नाही, फक्त कुणीतरी खुर्चीतून उठून सही करावी लागते.

पण नाही. त्याऐवजी मेलच्या तळाशी सर्वेक्षणाची लिंक दिलीय. ‘तुमचे मत संपूर्णपणे गोपनीय राहील.’ पहिलाच रकाना: एम्प्लॉयी आयडी. आणि आर्थिक ताण कमी करण्यासाठी कंपनीने काय करावे, या प्रश्नाला चार पर्याय: योग, समुपदेशन, वेबिनार, इतर. मी ‘इतर’वर टिक केलं आणि पुढे ‘पगार’ लिहिलं, तर फॉर्म पुढेच सरकेना. किमान पन्नास अक्षरं हवीत म्हणे. मग पगार, पगार, पगार असं चौकट भरेपर्यंत लिहिलं आणि पाठवून दिलं.