केबल टाय आवळून मॉन्स्टर ट्रक सुधारत नाही

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या, मॉन्स्टर ट्रकवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच तो चार जणांकडून आला. सांगणं थोडक्यात असं: ट्रक पलटत असेल तर कडक स्प्रिंग घाला किंवा स्प्रिंग दाबणारी कॉलर (रिंग) आवळा, म्हणजे सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली जाण्याचं अंतर) कमी होतो. चेसिस (ट्रकचा सांगाडा) आणि चाक धरणारा खालचा आर्म केबल टायने (प्लॅस्टिकच्या पट्टीने) घट्ट बांधा, म्हणजे ट्रक खाली बसतो. मग तो पलटत नाही, चाकांपर्यंत ताकद नेणारे ड्राईव्हशाफ्ट (दांडे) तुटत नाहीत, उडीतही मार बसत नाही. यातलं काही खरं आहे, पण जे खोटं आहे ते ट्रक मोडणारं आहे.

आधी स्प्रिंग. चाक हवेत असताना शॉक, म्हणजे धक्के झेलणारा तेलाचा नळा, किती लांब होणार हे आतला शाफ्ट आणि पिस्टन ठरवतात. कडक स्प्रिंग उलट शॉकला आणखी जोरात बाहेर ढकलते. कॉलर आवळली की ट्रक जास्त उंच उभा राहतो, एकूण ट्रॅव्हल मात्र तेवढाच राहतो.

खरा घोळ पुढे आहे. ट्रॅव्हलला दोन टोकं असतात: चाक खाली लोंबतं ते एक, वर दाबलं जातं ते दुसरं. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरली आहेत. लोंबणं कमी करायचं तर शॉक उघडून शाफ्टवर, पिस्टनच्या खालच्या बाजूला स्पेसर (छोटी नळी) घालायचा. दाबलं जाणं कमी करायचं तर शॉकच्या बाहेर, शाफ्टच्या उघड्या भागावर. जागा चुकली की परिणाम उलटा.

ड्राईव्हशाफ्ट वाचतात हे खरं आहे, पण लोंबणं कमी केलं तरच. चाक फार खाली गेलं की ड्राईव्हशाफ्टचा जोड तिरका होऊन अडकतो, आणि त्याच वेळी थ्रॉटल दिला की डॉगबोन (जोडात नुसता अडकवलेला ड्राईव्हशाफ्ट) निसटतो नाहीतर मोडतो. तपासायला उपकरण लागत नाही. ट्रक हातात उचला, चाकं लोंबू द्या, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि चाक बोटाने सावकाश फिरवा. प्रत्येक फेऱ्यात एका जागी अडखळल्यासारखं लागलं तर जोड अडकतोय. मग एक-एक मिलिमीटरने स्पेसर वाढवायचा आणि अडखळणं गेलं की थांबायचं. शॉक आर्मच्या मध्यावर उभा बसलेला असेल तर शाफ्टवरचा 1 मिमी चाकाशी साधारण 2 मिमी होतो, तिरका असेल तर त्याहून जास्त. म्हणून एकदम 6 मिमी घालू नका. स्पेसर नायलॉनचा घ्या. बरेच जण इंजिनवर चालणाऱ्या नायट्रो आरसी गाडीच्या इंधनाच्या नळीचा तुकडा घालतात, पण ती नळी सिलिकॉनची असते आणि शॉकमधल्या सिलिकॉन तेलात सिलिकॉन रबर फुगतं. आज मोजून घातलेला तुकडा पुढे तेवढाच राहील याचा भरवसा नाही.

केबल टायबद्दल मला राग आहे, तो सांगतोच. पुण्यात धायरीतल्या मोकळ्या प्लॉटवर एक शाळकरी मुलगा मेसेज वाचून बांधलेला ट्रक घेऊन आला होता. पहिल्याच खड्ड्यात आर्म वर गेला, टाय सैल होऊन त्याचा फास बाहेर आला आणि फिरत्या ड्राईव्हशाफ्टभोवती गुंडाळला गेला. आर्म मुळापासून चिरला. त्याने साठवलेल्या पैशातून घेतलेला ट्रक होता तो.

पट्टा बांधण्याची कल्पना मुळात वाईट नाही. 66 इंची टायरच्या खऱ्या मॉन्स्टर ट्रकमध्ये ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) फार लोंबू नये म्हणून पट्टे असतात. तामिया कंपनीच्या 1987 सालच्या क्लॉड बस्टरसारख्या अखंड ॲक्सलच्या मॉडेलवरही ते चालेल, कारण तिथे मोटर ॲक्सलवरच बसते आणि लोंबणारा ड्राईव्हशाफ्टच नसतो. पण पट्टा चाक पूर्ण लोंबल्यावर ताणला जावा. ट्रक उभा असतानाच आवळलेला असेल तर खड्ड्यात चाक खाली जाऊच शकत नाही, ते हवेत फिरतं.

पलटणं कमी होतं, हे अर्धं खरं. डांबरावर वळताना आतली बाजू उचलली जाते, ती लोंबणं कमी केल्याने कमी उचलते. धायरीच्या मुरमावर मात्र ट्रक पलटतो तो बहुतेक वेळा टायर दगडाला अडकून. त्यावर उपाय बॅटरी खाली बसवण्याचा आणि थ्रॉटल सांभाळण्याचा.

उडीत मार बसत नाही हे तर साफ खोटं. 1 मीटरवरून पडलेला ट्रक 5 सेंमीत थांबला तर सरासरी जोर वजनाच्या साधारण 20 पट, अडीच सेंमीत थांबला तर 40 पट. लोंबलेलं चाक आधी जमिनीला लागतं, तेही अंतर धक्का झेलायला कामाला येतं. म्हणून उड्या मारायला जायचं असेल तर मी जोड अडकू नये इतकाच स्पेसर ठेवतो आणि डांबरासाठी घातलेला जादाचा आदल्या रात्री काढतो. चार शॉक उघडून, तेल भरून, हवा काढून परत बसवायला तासभर जातो.